पेंटरची बंद लिफ्ट

पेंटरने डोळे न उघडताच फोन पांघरुणात ओढला आणि ड्रायव्हरला सांगून टाकलं, की तुम्ही पुढे व्हा, माझी लिफ्ट बंद आहे, आज काही व्यायामाला यायला जमत नाही.

चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाकडे ही एक सबब अशी असते, की तिच्यापुढे सगळं जग गप्प बसतं. डोकं दुखतंय म्हणावं तर लोक गोळी सुचवतात. पाहुणे आलेत म्हणावं तर त्यांनाही घेऊन ये म्हणतात. लिफ्ट बंद आहे म्हटलं, की समोरचा ‘अरेरे’ म्हणतो आणि विषय संपतो. पेंटरने ही सबब ठेवणीतल्या कपड्यांसारखी आजवर जपून ठेवली होती. आज ती बाहेर काढण्याजोगं काही घडलं होतं असंही नाही. बाहेर गारठा होता आणि पांघरूण ऊबदार होतं, एवढंच.

दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता परांचीवरून पडला, तेव्हापासून पेंटरचे पाय कामातून गेले होते. हात मात्र शाबूत होते आणि पाट्याही चालू होत्या. आता त्या घरात आडव्या ठेवून रंगवायच्या, एवढाच फरक. व्यायाम होता तो खांद्यांचा. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर आपलं आपण जायचं, तर खांदे हवेत. पडल्यानंतरच्या दिवसांत हे काम बायको करायची. ती त्याला काखेत हात घालून उचलायची. एक दिवस उचलता उचलता तिची पाठ गेली, आणि मग बरेच दिवस एकाच खोलीत दोघं आडवी पडून छताकडे बघत होती. तेव्हा पेंटरने कानाला खडा लावला होता, की पुन्हा हिला उचलायला लावणार नाही.

कानाला लावलेला खडा गारठ्यात गळून पडतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

“लिफ्ट कधी बंद पडली?” बायकोने दारातून विचारलं. तिची दवाखान्यातली सकाळची पाळी होती आणि ती निघायच्या तयारीत होती.

“आत्ताच.”

“आत्ता पेपरवाला कशाने वर आला मग?”

पेंटरने डोक्यावरून पांघरूण घेतलं. बायकोने ते खाली ओढलं आणि शांतपणे सांगितलं, की एक दिवस झोपा, झोपायला माझी ना नाही. पण तुमचे खांदे आहेत म्हणून माझी पाठ आहे, एवढं लक्षात ठेवून झोपा. असं ऐकल्यावर कुणाला झोप लागणार? पेंटर उठून खुर्चीत बसला. उठलाच आहे तर जावं का, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात खाली ओळखीचा हॉर्न वाजला.

ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्याला फोन लागला होता. लहानपणीच्या आजारात त्याचा एक पाय लुळा पडला होता, पण हाताने चालवायची गाडी करून घेऊन तो सकाळी व्यायामाच्या मंडळींना गोळा करत हॉलवर न्यायचा. पेंटरने खिडकीतून खाली पाहिलं. ड्रायव्हरने काचेतून डोकं बाहेर काढलं होतं.

“काळजी करू नको रे,” तो खालून ओरडला. “मिस्त्री आहेत ना गाडीत. आत्ता बघतील.”

पेंटरने डोकं झटकन आत घेतलं. सबब निवडताना तो एकच गोष्ट विसरला होता: गाडीच्या मागच्या सीटवर, नकली पाय पुढे पसरून जो म्हातारा रोज पेंगत बसतो, त्याने सगळी उमर लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. ज्या माणसासमोर लिफ्टविषयी खोटं बोलू नये, नेमका तोच गाडीत होता. आणि मिस्त्रीच्या शेजारी हेडबाई असणार, हे तर उघडच होतं.

हेडबाईंचं नाव निघालं की पेंटरला अजूनही वही विसरल्यासारखं वाटायचं. त्या त्याच्या शाळेतल्या नव्हत्या, पण कुठल्या तरी शाळेच्या हेडबाई होत्या, आणि ते पुरे होतं. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची डावी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू सुधारला, हात मागे राहिला. हॉलवर कप्पीवरून एक दोर सोडला होता. त्याचं एक टोक पेंटरच्या हातात असे आणि दुसरं बाईंच्या डाव्या मनगटाला बांधलेलं असे. पेंटरने खाली ओढलं की बाईंचा हात वर जायचा, आणि त्या वजनाने पेंटरचे खांदे कामाला लागायचे. हे शिकवणाऱ्या ताई बदली होऊन केव्हाच गेल्या होत्या. मंडळी आठवडाभरात विखरणार, असं सगळे धरून चालले होते. पण दोराला दोन टोकं असतात. आपण नाही गेलो तर पलीकडचा माणूस नुसता दोराकडे बघत बसेल, या लाजेने जो तो येत राहिला.

बाईंना त्या हाताकडून फार काही नको होतं. हात डोक्यापर्यंत जावा आणि स्वतःचे केस स्वतःला बांधता यावेत, एवढंच. सध्या सून बांधायची, आणि ती चाप तिरका लावायची. अर्ध्या डोक्याला ओढ बसते, असं बाई म्हणत. सुनेला मात्र त्या काही बोलत नसत. जन्मभर शाळेला धाकात ठेवलेल्या बाईंनी रोज सकाळी एका चापापुढे मान तुकवावी, याचं पेंटरला मनापासून वाईट वाटायचं. आज सकाळी पांघरुणात असताना मात्र हे त्याला आठवलं नव्हतं.

“निदान जिन्याने तरी जा,” त्याने बायकोला गयावया केली.

“जाईन. पण कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.”

खाली तिला ड्रायव्हरने विचारलंच, लिफ्ट कशी काय बंद पडली. बायकोने सांगितलं, की मला काय ठाऊक, मी तर जिन्याने आले. आणि ती ताडताड निघून गेली. शब्दाची एवढी पक्की बाई आपल्या वाट्याला यावी, हे पेंटरचं भाग्य होतं; ते त्याला त्या क्षणी तितकंसं जाणवलं नाही.

आता पुढचं उघड होतं. मिस्त्री खाली बटण दाबणार, लिफ्ट मुकाट्याने खाली जाणार आणि पेंटर तोंडघशी पडणार. म्हणजे लिफ्ट खाली जाता कामा नये. पेंटरने खुर्ची दाराबाहेर काढली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट लगेच आली. एरवी बोलावून बोलावून थकलं तरी न येणारी लिफ्ट, पण त्या दिवशी तिला सेवेची हुक्की आली होती. दार उघडताच त्याने हाताला लागला तो रंगाचा डबा उंबऱ्यावर ठेवला. दारात काही अडकलं की दार मिटत नाही, आणि दार मिटलं नाही की लिफ्ट हलत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

चपलांच्या दुकानाच्या पाटीसाठी आणलेला तो पिवळा ऑइल पेंट होता, आणि झाकण काल त्याने वरच्यावर ठेवलं होतं.

दार मिटायला आलं, डब्याला लागलं आणि मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा डबा कलंडला. झाकण निघालं, गोल फिरलं आणि दाराच्या खोबणीत उभं जाऊन रुतलं. त्याच्या मागोमाग पिवळा रंग सावकाश, एखाद्या पाहुण्यासारखा, खोबणीत शिरला. पेंटर डबा उचलायला वाकला, तेवढ्यात खुर्चीचं चाक रंगातून गेलं. दार अर्ध्यावर येऊन कुंथलं आणि तिथेच थांबलं. खालून बटणाचा आवाज आला, आणखी एकदा आला, पण लिफ्ट हलली नाही.

बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ती अशी. लिफ्ट आता खरोखरच बंद होती. पेंटरला क्षणभर हायसं वाटलं, कारण तो आता खोटारडा उरला नव्हता. फक्त त्याच्या खरेपणाला थोडा उशीर झाला होता.

मग जिन्यात काठीचा आवाज येऊ लागला. एक काठी, एक खरा पाय, एक नकली पाय. मिस्त्री वर चढत होता. मधल्या वळणावर तो दम घ्यायला थांबला, आणि पेंटरला जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. आपल्याला उठायचा कंटाळा आला म्हणून एका पायाचा म्हातारा दोन जिने चढतो आहे, यावर कुठलीच सबब लागू पडत नव्हती.

मिस्त्री वर पोचला. त्याने खोबणीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग फरशीवर उमटलेल्या चाकाच्या पिवळ्या पट्ट्याकडे. पट्टा पेंटरपाशी येऊन थांबला होता.

“फोन केलास तेव्हा बंद होती, का फोननंतर पडली?”

पेंटरने मान खाली घातली. “फोननंतर.”

“हं,” मिस्त्री म्हणाला. “टर्पेंटाइन आण. आणि चिंध्या.”

तो फरशीवर बसला, नकली पाय काढून बाजूला ठेवला आणि जिन्याकडे तोंड करून खाली ओरडला, की बिघाड मोठा आहे, वेळ लागेल. खालून हेडबाईंचा आवाज आला. शाळेचं मैदान गाजवलेला आवाज तो, त्याला दोन मजले म्हणजे काहीच नव्हते. वेळ लागणार असेल तर तो फुकट का घालवायचा, असा त्यांचा सवाल होता. दोर पिशवीत होता. हॉलवर ठेवला तर हरवतो म्हणून तो कप्पीसकट त्याच सांभाळायच्या. जिन्याच्या मधोमध पोकळी आहे, वरून खाली दोर का सोडू नये?

पेंटरला नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. पाट्यांवर रेघा आखायचा दोरा त्याच्याकडे होता, तो ब्रशचं वजन बांधून खाली सोडला. ड्रायव्हरने त्याला कप्पी आणि दोर बांधला. दोर आखूड पडतोय म्हणून त्याने गाडी ओढायचा दोर त्याला जोडला. मिस्त्रीने सगळं वर ओढून घेतलं, एका पायावर उभं राहून पेंटरच्या डोक्यावरच्या कठड्याला कप्पी अडकवली दोराचं एक टोक पेंटरच्या हातात दिलं आणि दुसरं खाली सोडलं. खाली बाईंसाठी राखणदाराची खुर्ची आणली गेली आणि ते टोक त्यांच्या डाव्या मनगटाला बांधलं गेलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून इमारतीचे सेक्रेटरी तणतणत उतरले. लिफ्ट कुणी बंद पाडली, जिन्यात हा दोर कसला, आणि परवानगी कुणाची, असे त्यांचे तीन प्रश्न होते. मिस्त्रीने खोबणी खरवडायचा खिळा तोंडात धरला होता, तो न काढताच त्यांना खाली जायची खूण केली. खाली पोचून त्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा सुरू केले. पहिला अर्धा झाला असेल नसेल, हेडबाई म्हणाल्या, की ही खुर्ची फरशीवर सरकते आहे, जरा मागून धरून उभे राहा. सेक्रेटरींनी खुर्ची धरली. आपण ती का धरली, हे त्यांना नंतरही कुणाला नीट सांगता आलं नाही.

“मी म्हणेन तेव्हाच ओढायचं,” बाईंचा हुकूम वर आला. “थांब म्हटलं की थांबायचं.”

पेंटर ओढू लागला.

हॉलवर दोघं समोरासमोर बसत. ओढताना बाईंचे ओठ मिटले, कपाळावर आठी आली, की पेंटर आपोआप दोर सैल सोडायचा. म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवा! इथे त्याला ओठही दिसत नव्हते आणि आठीही दिसत नव्हती. होता तो नुसता आवाज, आणि आवाज म्हणत होता, “आण अजून.” त्याने आणखी ओढलं. “अजून.” खांदे भरून आले, तरी तो ओढत राहिला. सकाळपासून त्याच्या मनात जी टोचणी होती, ती सगळी त्याने दोरात घातली.

“अजून थोडा. सावकाश. थांब.”

तो थांबला. दोर ताणून धरून त्याने पुढच्या हुकुमाची वाट पाहिली. हुकूम आला नाही. खालून काहीच आवाज येईना. दोराला बारीकसा हिसका बसला, आणि मग तोही थांबला.

“बाई?” पेंटर म्हणाला.

मिस्त्रीचा हात खोबणीत थांबला. पेंटरच्या मनात आलं, झालं. आपण त्यांचा खांदा निखळवला. एका झोपेपायी आपण एका बाईचा सुधारत आलेला हात कामातून घालवला. आता त्या आपल्याला रागावणारसुद्धा नाहीत, नुसत्या घरी जातील. दोर सोडावा तर हात दाणकन खाली आपटायचा, धरावा तर अजून दुखायचं. त्याला रडूच यायला लागलं.

“बाई, काय झालं? कुणीतरी बोला ना.”

“गप रे,” खालून ड्रायव्हरचा आवाज आला. “बाईंनी चाप काढला. डाव्या हाताने काढला.”

पेंटरने डोळे मिटले. छातीवर कुणी ठेवलेली पाटी कुणीतरी उचलून घ्यावी तसं त्याला झालं. शेजारी मिस्त्रीने तीच रंगाची चिंधी डोळ्यांना लावली, आणि म्हणून पुढे दोन दिवस तो एका डोळ्याला पिवळा दिसत होता.

खोबणी साफ झाली, वाकडं झाकण बाहेर आलं, दार मिटलं. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मिस्त्रीने सांगितलं, की खोबणीत माल साचला होता, काढला. यात खोटं एक अक्षर नव्हतं. लिफ्टने सगळे वर आले आणि पेंटरने स्वतः चहा केला. बाई मोकळ्या केसांनी खुर्चीत बसल्या होत्या. केस बांधून देऊ का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्यांनाही घाई दिसत नव्हती. चाप त्यांनी मांडीवर ठेवला होता. पेंटरला चहा जाईना.

“बाई, मी फोन केला तेव्हा लिफ्ट चालू होती.”

“माहीत आहे.”

पेंटरने मिस्त्रीकडे पाहिलं.

“तो कशाला सांगेल,” बाई म्हणाल्या. “सबबी ऐकण्यात माझा जन्म गेला. ज्याची लिफ्ट खरी बंद असते, तो आधी लिफ्टला शिव्या देतो. फोन स्पीकरवर होता, आणि तू आधी म्हणालास, ‘तुम्ही पुढे व्हा’.”

“मग तरी आलात?”

बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून ड्रायव्हरने बिस्कीट चहात बुडवलं ते वर काढायचं राहूनच गेलं. आज त्यांनाही यायचं नव्हतं. परवापासून तोच हात, तोच दोर, तीच उंची, यांचा त्यांना वीट आला होता. सुनेला ताप आहे असं सांगून गाडी माघारी वळवायला लावायची, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं. वाक्य जुळवलं, तोंड उघडलं, आणि पेंटरचा फोन आला.

“असा संताप आला,” त्या म्हणाल्या, “की माझी सबब राहिली बाजूलाच. सबबखोर पकडायचा म्हटलं की मला अजूनही अंगात बळ येतं. तू शहाण्यासारखा आला असतास, तर मी आत्ता घरी झोपले असते.”

मग ड्रायव्हरने हळूच कबूल केलं, की गाडीचं चाक बसलंय असं सांगायचं त्याच्याही मनात दोनदा आलं होतं. मिस्त्रीने आपला नकली पाय खुर्चीखाली सरकवला आणि मागे एकदा तुटलेला त्याचा पट्टा तितकासा तुटलेला नव्हता, असं चहाच्या कपात बघत सांगितलं. पेंटरला एकाएकी फार हलकं वाटलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, की या तिघांना व्यायामाची आवड आहे आणि आपण तेवढे आळशी निघालो. इथे तर सगळेच एका माळेचे मणी होते. त्याने मग दोन घोटांत चहा संपवला.

बाई उठल्या. लिफ्टच्या दारात उभं राहून त्यांनी मागे वळून पाहिलं.

“उद्या सबब सांगायची पाळी माझी. तुम्ही पकडायला यायचं. आणि लवकर या, नाहीतर मला खरंच झोप लागेल.”

“काय सांगणार आहात?” पेंटरने विचारलं.

“ते आत्ताच सांगितलं तर पकडाल काय?” बाई म्हणाल्या, आणि दार मिटलं.

पेंटर बराच वेळ दारापाशीच बसून राहिला. ताप म्हणतील, की किल्ली हरवली म्हणतील, की पाहुणे म्हणतील, याचा तो विचार करत होता. कितीतरी दिवसांनी त्याला उद्याची सकाळ लवकर व्हावी असं वाटत होतं.